आतली मोटर

आण्णानं विमान सोडलं नाही.

मी हात वर केला, खाली आणला, म्हणजे सोड. सोळा मीटरांवर तो, माझा थोरला भाऊ, उकिडवा बसला होता, माझ्या छोट्या विमानाचं धड शेपटीच्या पुढं दोन्ही हातांनी धरून. दोन्ही मोटरी पूर्ण जोरात, पंखे दिसेनासे झालेले, मुरमाची धूळ उडून त्याच्या मिशांवर बसत होती. मी पुन्हा हात वर केला, खाली आणला. तो हलेना. मान एका अंगाला कलती करून, डोळे बारीक करून बसून राहिला, लांबच्या देवळातलं भजन ऐकावं तसा. बॅटरी चालली होती, वारा सुटायच्या आत उडवायचं होतं, आणि शेवटी माझ्या तोंडून निघालं, "अरे सोड की! तुला साधं सोडतासुद्धा येईना का?" माळावर सात-आठ पोरं होती, दूध घालून परतणारे दोघंजण गाडी लावून बघत उभे होते, आणि आण्णाचा स्वतःचा पोरगा त्याच्या मागं उभा होता. पोरं हसली. आण्णानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. एक हात मोकळा केला, सकाळी मी दाखवून ठेवलेला लाल प्लग उपटला, विमान मुरमावर ठेवलं आणि दोन्ही हात धोतराला नव्हे, पॅन्टला पुसले. धोतर आमच्या वडिलांचं होतं. आण्णा तसा बसला की मला उगाच धोतर दिसतं.

या गोष्टीला आता महिना होत आला. मोटरीच्या आवाजात बोलायचं तर ओरडावंच लागतं, अशी पळवाट मी स्वतःला बऱ्याचदा देऊन बघितली. पण आवाज मोठा होता हा मुद्दा नाही. त्या 'साधं'चं काय करायचं?

येळवशीच्या, म्हणजे वेळ अमावास्येच्या, दुसऱ्या दिवशीची सकाळ होती. आमच्या भागात दिवाळीला माणूस घरी आला नाही तर चालतं, येळवशीला आला नाही तर विचारणा होते. आदल्या दिवशी रानात कडब्याच्या खोपीपुढं पंगती उठल्या होत्या. भज्जी, बाजरीचे उंडे, शेंगापोळी, आणि मडक्यातली आंबील, जी पिऊन माणूस जागेवरच कलंडतो. ज्वारी कमरेच्या वर आलेली, हरभऱ्याच्या पानांवरची आंब पायाला लागून पायताण चिकट झालेलं. त्या सुस्तीतून पहाटे उठून मी गाडीच्या डिकीतून विमान काढलं तेव्हा वहिनी चुलीपुढून म्हणाली, "बापू, लेकरांचं खेळणं आणलंव का?" लेकरांचं नाही, माझंच आहे, असं सांगायला मला पंचेचाळिशीच्या जवळ आल्यावरही जरा ओशाळल्यासारखं होतं.

विमान सव्वा किलोचं. पंखांची लांबी एक मीटर वीस. पुण्यातल्या फ्लॅटच्या गॅलरीत चार महिने लागले. बाल्साच्या हलक्या लाकडाचा भुसा वरणात पडतो ही तक्रार घरात रोज होती आणि ती खरी होती. दोन मोटरी का, याचं कारण आज्जा. आज्जा निजामाच्या राज्यातला माणूस. जमिनीच्या कसल्याशा दाव्यासाठी हैदराबादला गेला असताना त्यानं बेगमपेठेला डेक्कन एअरवेजची डकोटा लांबून बघितली होती, आणि त्या एका बघण्यावर तो जन्मभर बोलला. पुढं १९४८ च्या सप्टेंबरात नळदुर्गाच्या अंगानं फौजा शिरल्या, पोलीस ॲक्शन झाली, राज्य बदललं. पण आज्जाला आधी डकोटा सांगायची असायची, मग रझाकार. "दोन पंख्यांचं इमान. एक बंद पडला तरी दुसरा हाय!" हे सांगताना तो दोन बोटं दाखवायचा, मग एक बोट मिटायचा आणि उरलेलं तसंच हवेत फिरवायचा. माझं विमान डकोटाची नक्कल नाही, चपट्या धडाचं साधं आहे, पण मोटरी दोन पाहिजेत हे त्या उरलेल्या बोटानं ठरवलेलं होतं.

हे रिमोटचं विमान नव्हे. याला दोन बारीक पोलादी तारा असतात, त्यांचं एक टोक माझ्या मुठीतल्या हँडलला आणि दुसरं विमानाच्या पोटातल्या तिकोनी पट्टीला, जिला बेलक्रँक म्हणतात. मूठ वर कलवली की वरची तार ओढली जाते, पट्टी फिरते, शेपटीवरची झडप उचलते, नाक वर. खाली कलवली की खाली. बस्स, एवढंच. डावं-उजवं काही नाही, कारण विमानाला जायला दुसरीकडं जागाच नाही. मी मधे, ते माझ्याभोवती. अमेरिकेत जिम वॉकर नावाच्या माणसानं १९४० च्या आसपास 'यू-कंट्रोल' म्हणून हा प्रकार घरोघरी नेला. तो एकाच वेळी तीन विमानं फिरवून दाखवायचा. मला एक फिरवताना चक्कर येते. आता मुलांना ड्रोन माहीत असतं. सोसायटीतला एक पोरगा मला म्हणाला होता, "काका, याला वायर का लावलीय? पळून जाईल म्हणून?" मी हो म्हटलं.

तारेचं वेड लागलं ते कॉलेजात, एनसीसीच्या एअर विंगमध्ये. तेव्हा एक मोटर म्हणजे एक इंजिन, कलकत्त्याला बनणारं दीड सीसीचं अरोरा, आणि त्याचं तेल आम्हीच मिसळायचो: ईथर, एरंडेल, रॉकेल. तो वास अजून कुठं एरंडेलाची बाटली उघडली की येतो आणि बोटाच्या पेरावर पंख्याचा फटका बसल्याचं आठवतं. तारेतून जे हाताला कळतं ते रिमोटच्या काड्यांतून कधी कळणार नाही. सोळा मीटरांची तार, सहा सेकंदांत एक फेरी, म्हणजे ताशी साठ किलोमीटरचा वेग. तेव्हा हे सव्वा किलोचं विमान मुठीला सव्वादोन किलोंनी ओढतं. पतंग ढील मागतो तसं नाही. हे सतत, एकसारखं ओढत राहतं, जत्रेत लेकरू हात धरून ओढतं तसं. ती ओढ आहे तोवर विमान तुमचं. ढिली पडली की दोन्ही तारा नुसत्या लोंबणाऱ्या दोऱ्या, आणि हँडल म्हणजे हातातला एक लाकडाचा तुकडा.

म्हणून उडवायच्या आधी तारा ताणून बघायच्या असतात, वजनाच्या दहापट. येळवशीच्या संध्याकाळी मी लिंबाच्या फांदीला विमानाची तार-पट्टी बांधली आणि खाली बारा लिटर पाण्याची घागर लटकवली. टिकली. वहिनी कमरेवर हात ठेवून बघत होती. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, त्या साली आमच्या गावात बारा लिटर म्हणजे काय होतं ते मी पुण्यात नळाखाली हात धुताना फोनवर ऐकलेलं. घागर उतरवल्यावर तिनं ते पाणी काही न बोलता परत हौदात ओतलं. पाऊस बरा झाला होता, हौद भरलेला होता. तरी ओतलं.

आता मोटरींचं. दोन मोटरींच्या या विमानात एक गोष्ट आज्जाच्या बोटांनी सांगितलेली नव्हती. विमान फिरतं ते डावा पंख माझ्याकडं, उजवा पंख बाहेर, असं. म्हणजे एक आतली मोटर, एक बाहेरची. बाहेरची बंद पडली तर आतली नाकाला बाहेर ढकलते. तार उलट जास्त ताणते, विमान घाबरतं पण हातात राहतं. आतली बंद पडली तर बाहेरची एकटी जोर करते, नाक आत वळवते, माझ्याकडं. तार ढिली. मग त्या विमानाचं काय व्हायचं ते होतं आणि कधीकधी मधे उभ्या माणसाचंसुद्धा. एक बंद पडला तरी दुसरा हाय, खरं. पण कुठला, हे विचारायला हवं. इंजिनांच्या काळात जुने लोक आतल्या इंजिनाला मोठी टाकी द्यायचे, बाहेरच्याला लहान. तेल संपताना बाहेरचं आधी थांबावं, आतलं शेवटपर्यंत चालावं म्हणून. बॅटरीवर ती कटकट नाही. एकच टायमर दोन्ही मोटरींना एकाच क्षणी थांबवतो. एकीचा पंखा उजवा, दुसरीचा डावा, म्हणजे एकीचा पीळ दुसरी मोडते. कागदावर सगळं झकास.

आत आणि बाहेर हे मला नवं नव्हतं. आमच्या खळ्यात मधे तिवडा रोवलेला असायचा, बाभळीचा, वापरून वापरून गुळगुळीत झालेला, आणि मळणीला त्याच्याभोवती बैल फिरायचे, तोंडाला मुसक्या बांधून. तिवड्याजवळ म्हातारा बैल. त्याला चालायचं थोडं असतं, पण वळायचं सारखं असतं. बाहेरच्या कडेला तरणा हरण्या, कारण त्याला तेवढ्याच वेळात मोठी फेरी मारायची. वडील मागून काठी घेऊन फिरायचे आणि आम्ही दोघं भाऊ बैलांच्या मागं कणसं आत लोटायचो. मला बाहेरची बाजू आवडायची, हरण्याच्या मागं पळायला मिळायचं म्हणून. आण्णा आत असायचा. कुणी ठरवलं होतं असं नाही. नंतर मळणीयंत्र आलं, खळ्यावर आता सोयाबीनच्या पोत्यांची थप्पी असते आणि एक ट्रॅक्टरचा टायर, तिवडा कुठं गेला कुणास ठाऊक. चुलीत गेला असेल.

किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी अकरा वर्षांचा आणि आण्णा पंधरा. आमचं गाव त्या पट्ट्याच्या कडेला; आमच्याकडं माणसं नाही गेली, भिंती गेल्या. आदल्या रात्री गणपती बोळवले होते, पहाटे चारच्या आत सगळं हललं. पुढचे काही दिवस किल्लारीच्या दिशेनं हेलिकॉप्टरं जायची. मी आवाज आला की पळत माळावर. हे कधी कुणाला सांगितलेलं नाही, पण ते दिवस मला आनंदाचे आठवतात. लांबवर माणसं मातीखालून काढत होते, आमच्याच नात्यातली दोन घरं तिकडं होती, आई रडून रडून आवाज बसलेली, आणि मी मान मोडेस्तोवर वर बघत, पंखा कसा फिरतो, शेपटीला बारका पंखा कशाला, याच्या विचारात. एकदा असाच पळत निघालो तर आण्णानं बखोट धरून मागं ओढलं आणि एक ठेवून दिली. "भित्ताडाची मातेरी उचलू लाग." त्या वर्षी दहावी होती त्याची. त्यानं ती दिली, पास झाला, आणि मग शाळा-कॉलेज हा विषय त्याच्यापुरता घरात निघाला नाही. मी लातूरला शिकलो, मग पुण्याला. मेसचे पैसे मनीऑर्डरनं यायचे आणि पाठवणाऱ्याच्या जागी वडिलांचं नाव असलं तरी अक्षर आण्णाचं असायचं.

आमच्या घरात बाहेरच्या इंजिनाची टाकी मोठी होती.

हे वाक्य मला माळावर सुचलं नाही, परत पुण्याला येताना सुचलं, टेंभुर्णीच्या अलीकडं, आणि तिथंच पुसून टाकावंसं वाटलं. कारण एकदा असं वाक्य सापडलं की माणूस त्याच्यावर खूश होतो आणि मूळ गोष्ट तशीच राहते. आण्णा काही बिचारा नाही. पंधरा एकर रान त्यानं अठ्ठावीस केलं आहे, गावात त्याचा शब्द चालतो, आणि माझ्या नोकरीपेक्षा त्याला झोप बरी लागते. बांधावरून त्याच्या-माझ्यात दोन वर्षं बोलणं बंद होतं तेही मी विसरलेलो नाही. त्याला विमान सोडता आलं नाही म्हणताना माझ्या मनात त्या बांधाचा काही भाग असणारच.

तर त्यानं लाल प्लग उपटला. मी हँडल खाली ठेवून, तार पायात येऊ नये म्हणून वळसा घालून त्याच्यापाशी गेलो. तापलेलो होतो. तो विमानाच्या डाव्या मोटरीवर बोट ठेवून म्हणाला, "कशाला बोंबललालास? ऐकू येईना का तुला? एक फेज गेलाय हिचा."

मी हसलो. ही डीसी बॅटरी आहे, अकरा व्होल्टची, इथं कुठला फेज, असं काहीतरी म्हणायला तोंड उघडलं आणि तसंच उघडं राहिलं. कारण बॅटरी डीसी असली तरी या मोटरीला तीन वायरी असतात. मधलं छोटं सर्किट, ज्याला ईएससी म्हणतात, ते बॅटरीच्या विजेचे तीन पाळीचे झटके करून तीन वायरींतून सोडतं. दोन वायरींची अदलाबदल केली की मोटर उलटी फिरते, अगदी विहिरीवरच्या मोटरीसारखी. म्हणजे आण्णाच्या विहिरीवरची पाच एचपीची आणि माझी मुठीत मावणारी, दोघी एकाच जातीच्या. मी इंजिनिअर, ही मोटर मी निवडली, तिचे आकडे मला पाठ होते. हे मला तोंडी परीक्षेत विचारलं असतं तर धडाधड सांगितलं असतं. त्यानं नुसतं ऐकलं.

त्यानं ऐकणारच. तीन फेजची लाईट आमच्याकडं रोज ठरावीक तासच, एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. त्यात कधी डीपीवरचा, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरचा, एक किटकॅट फ्यूज उडतो आणि दोनच फेज राहतात. मोटर लगेच थांबत नाही, हीच मेख आहे. ती रडत-कुंथत चालत राहते, आवाज जाड होतो, गरम होते, आणि अर्ध्या-एक तासात आत वार्निश जळाल्याचा वास. मग ती वर काढायची, तालुक्याला वायंडिंग भरायला टाकायची, आणि तोवर ऊस असो की हरभरा, वाळतो. मी बारावीला असताना अशी एकदा जळाली होती. त्यानंतर आण्णा रात्रपाळीच्या आठवड्यात विहिरीवरच झोपायचा. मी सुट्टीत एकदा त्याच्याबरोबर झोपलो होतो. मोटरीच्या त्या घरघरीत मला लगेच झोप लागली, आणि मधेच कधीतरी जाग आली ती तो उठून बसलेला म्हणून. आवाजात मला काहीच फरक वाटला नव्हता. त्यानं जाऊन स्टार्टर पाडला, टॉर्च घेऊन डीपीकडं गेला, आणि परत येऊन काही न बोलता झोपला. पंचवीस-तीस वर्षं तो असा कान उघडा ठेवून झोपतोय. आता ऑटो स्विच आलेत, फेज गेला की आपोआप पडतात. त्यानंही बसवलाय. तरी.

मी डाव्या मोटरीच्या तीनही वायरी एकेक करून ओढून बघितल्या. तिसरी हातात आली. पुण्यात रात्री साडेबाराला सोल्डर केलेली. वरून चकचकीत गोळी बसलेली आणि आत तार नुसती टेकलेली. कच्चा डाग. उडाली असती, दोन-तीन फेऱ्या झाल्या असत्या, मग तापून सुटली असती. डावी, म्हणजे आतली. हे मी त्याला सांगितलं नाही. आत-बाहेरचं, नाक वळण्याचं, काहीच नाही. का सांगितलं नाही याचं उत्तर माझ्याकडं आहे आणि ते चांगलं नाही: सांगितलं असतं तर 'मघाशी मी बोललो ते' इथपर्यंत यावं लागलं असतं.

सोल्डरिंग गन होती, लाईट नव्हती. त्या आठवड्यात सकाळी साडेनऊला यायची. घरी येऊन आण्णानं ट्रॅक्टरच्या पेटीतला जुना जाड स्क्रूड्रायव्हर चुलीत खुपसला, वहिनीनं भाकरी थापता थापता आर पुढं ओढून दिला. टोक लाल झालं की पोरानं सांडशीनं धरून आणायचं, मी वायर आणि कनेक्टर पक्कडीत धरायचे, आण्णानं टेकवायचं. पहिल्यांदा काहीच नाही, नुसती राळ जळाली, धूर डोळ्यांत. दुसऱ्यांदा सोल्डरचा मणी होऊन घरंगळला, शेणानं सारवलेल्या भुईवर पडून थिजला. तिसऱ्यांदा आण्णा म्हणाला, "आधी कनेक्टर तापू दे. त्याला तापवल्याबिगर ते धरणार नाही." बरोबर होतं, पहिला धडा तोच असतो. त्यानं टोक कनेक्टरच्या बुडाला टेकवून धरून ठेवलं, मी वरून सोल्डर लावलं आणि ते एकदम पाण्यासारखं आत उतरलं. त्याच्या अंगठ्याचं नख माझ्या डोळ्यांपासून वीतभर अंतरावर होतं. काळं, मधून चिरलेलं, कडेला हरभऱ्याच्या आंबीनं पिवळट. ते अजिबात हललं नाही. माझा हात थरथरत होता. "मघाशी..." मी सुरू केलं. "फुंकू नको," तो म्हणाला, "आपोआप थंड होऊ दे."

परत माळावर गेलो तेव्हा ऊन चढलं होतं, पण वारा अजून नव्हता. पोरं होती. या वेळी मी हात वर केला नाही. हँडल धरून उभा राहिलो आणि त्याच्याकडं बघितलं. मोटरी सुरू झाल्या. दोन मोटरींचा वेग थोडा जरी मागं-पुढं असला की दोन आवाज एकमेकांत मिसळून लाटा येतात, वॉव-वॉव-वॉव. त्या लाटा लांबत गेल्या, लांबत गेल्या आणि एका सुराला लागल्या. तेव्हा मला ऐकू आलं. किंवा काय ऐकायचं हे माहीत होतं म्हणून आलं. आण्णानं मान हलवली आणि हात उघडले.

मुरमावर ते पाच-सात मीटर धावलं, खडखडत, आणि मग खडखड बंद झाली. मुठीत ओढ आली. पहिल्या फेरीला मी श्वास घेतला नसणार. पहिल्या उड्डाणात कसरती करायच्या नसतात, सरळ फेऱ्या, डोक्याच्या थोडं वर, आणि विमान काय म्हणतंय ते हातानं ऐकायचं. नाक जरा जड होतं, ते बरं. बाहेरचा पंख किंचित खाली लोंबत होता. तारांचं वजन तोलायला त्याच्या टोकात मी पाचाची जुनी जाड नाणी भरली होती तीन, त्यातलं एक काढावं लागणार. चौथ्या-पाचव्या फेरीला ते झालं जे दर वेळी होतं आणि दर वेळी नवं वाटतं: विमान थांबलं. नजर त्याच्यावर असल्यामुळं ते जागच्या जागी स्थिर दिसू लागलं, आणि त्याच्या मागून गाव फिरायला लागलं. पाण्याची टाकी, चिंच, मारुतीचा कळस, ज्वारीचं हिरवं, लावलेली गाडी, पोरं, आण्णा. टाकी, चिंच, कळस, हिरवं, गाडी, पोरं, आण्णा. दर सहा सेकंदांनी एकदा. एकदा तो उकिडवा होता, एकदा उभा, एकदा डोळ्यांवर हात धरलेला, एकदा हसत होता असं वाटलं, पण पुढच्या फेरीला नव्हता.

मी मधे असल्यामुळं मला आवाज एकसारखा येतो. विमान माझ्यापासून तेवढ्याच अंतरावर असतं, जवळ येत नाही की लांब जात नाही. कडेला उभ्या माणसाला तसं नसतं. त्याला ते येताना बारीक आणि जाताना जाड ऐकू येतं, चढतं, उतरतं, परत चढतं. एकच विमान, पण त्यानं ऐकलं ते आणि मी ऐकलं ते वेगळं. हे नंतर लक्षात आलं. म्हणजे तो मधे असता तर त्याला काय ऐकू आलं असतं? माहीत नाही. साडेतीन मिनिटं झाली, टायमरनं मोटरी दोन्ही एकदम तोडल्या, आणि त्या शांततेत तारांची सूंऽऽ एकटीच राहिली. अर्धी फेरी तरंगून ते टेकलं, दोन उड्या मारल्या आणि नाकावर पडलं. काही मोडलं नाही. पोरं धावली. आण्णा चालत आला, वाकला आणि दोन्ही मोटरींना एकेक बोट लावून बघितलं. मीही लावलं. दोन्ही सारख्याच कोमट होत्या.

"बरंय," तो म्हणाला. "आज्जानं बघायला पायजे होतं." मग म्हणाला, "मला येईल का हे धरायला?" मी म्हटलं, येईल की, आधी मी मागून हात धरतो, दोघं मिळून फिरू, चक्कर आली तर सांग. बॅटरी बदलायला गाडीकडं गेलो तेवढ्यात माळाच्या खालून कुणीतरी ओरडलं, "लाईट आलीऽऽ." आण्णानं पायताण शोधलं. हरभऱ्याला दुसरं पाणी चालू होतं, वाफा सोडून आलेला. "तू कर गोळा," म्हणाला आणि उतरणीनं निघालासुद्धा. पोरगं त्याच्या मागं. बाकीची पोरं थोडा वेळ रेंगाळली, विमान परत उडत नाही म्हटल्यावर पांगली.

मी तारा गुंडाळत बसलो. पोलादी तार घाईनं गुंडाळली की तिला गाठ बसते आणि गाठ बसली की ती तार गेली, म्हणून हळूहळू, दोन्ही एकदम, रिळावर. खाली विहिरीवर स्टार्टरचा ठक्क आवाज झाला. मग मोटर. इथून ती आधी नुसती घुमल्यासारखी ऐकू येते, पाणी वर चढेपर्यंत जरा जड, मग मोकळी होते. झाली का मोकळी? रीळ हातात तसंच धरून मी थांबलो. आवाज मला एकसारखा वाटत होता, पण तो मला रात्रीसुद्धा एकसारखाच वाटला होता. बराच वेळ तसाच उभा होतो, मान एका अंगाला करून.